दोन बायांच्या शक्तीची भिंत

"भिंत चालली पाहिजे," असं नीलकंठ मास्तर म्हणाले तेव्हा जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या घरात तीन माणसं हजर होती, आणि तिघांपैकी एकानेही त्यांना वेळीच अडवलं नाही. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई मेथी निवडत होत्या. शेजारचे दुबेजी बशीत चहा ओतत होते. आणि ज्याच्या भिंतीबद्दल बोलणं चाललं होतं तो बाबाराव, म्हणजे सत्यभामाबाईंचा धाकटा भाऊ, अर्धा तास आपलं दुखणं सांगून दमला होता.

दुखणं असं होतं. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत बाबारावचं एक शेड होतं आणि त्यात लोखंडी कूलर बनत. होळीपासून पावसाळ्यापर्यंत तिथे पत्रे बडवण्याचा असा आवाज चाले की माणसं एकमेकांशी हातांनी बोलत. पण दसरा झाला की जबलपुरात कूलरचं नाव काढलं तरी लोक स्वेटर चाचपायला लागतात. मग वेल्डिंगवाला टिकाराम तेवढा दुरुस्तीसाठी राही आणि गवत भरणाऱ्या, रंग देणाऱ्या, पेट्या बांधणाऱ्या अकरा बाया थेट होळीपर्यंत घरी बसत. यंदा बाबारावच्या डोक्यात आलं होतं की हिवाळ्यात रजया भराव्या. नेपियर टाउनमधला एक दुकानदार सगळा माल उचलायला तयार होता. अडचण एकच. शेडच्या एका टोकाला वेल्डिंगच्या ठिणग्या आणि दुसऱ्या टोकाला कापूस, म्हणजे दोघांच्या मधे भिंत हवी. तसा सरकारी नियमच होता. आणि विटांची भिंत घातली तर उन्हाळ्यात कूलरचे पत्रे ठेवायला जागा उरत नव्हती.

"दरवर्षी बांधू आन दरवर्षी पाडू का, भाऊजी?" बाबाराव म्हणाला.

त्यावर मास्तर म्हणाले ते वाक्य वर आलंच आहे.

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. शाळेने त्यांना एकच खोली दिली होती आणि तिच्यात त्यांनी नुसते बाक फिरवून चित्रकला, हस्तकला, स्नेहसंमेलनाचा रंगमंच आणि परीक्षेचं केंद्र, सगळं बसवून दाखवलं होतं. बाक फिरतात तर भिंत का नाही? प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि हात वर करणारं दुसरं कोणी नसल्यामुळे उत्तरही स्वतःच दिलं.

दुबेजी रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "काए मास्साब, दीवार चलाओगे तो पटरी तो लगेगी. और पटरी लगी तो सिग्नल लगेगा. बिना सिग्नल के मैं एक इंच न चलने दूँ." पुढचे आठ दिवस ते रोज संध्याकाळी नवा मुद्दा घेऊन येत. भिंतीच्या पुढे हिरवा झेंडा घेऊन कोणी चालायचं, दोन भिंती समोरासमोर आल्या तर आधी कोणी थांबायचं, भिंतीला उशीर झाला तर जबाबदार कोण. मास्तर शांतपणे ऐकत. ढ मुलाचं उत्तरही पूर्ण ऐकून घ्यायचं ही त्यांची जुनी सवय होती.

मग नमुना तयार झाला. शेड काड्यापेट्यांचं आणि भिंत लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची होती. भिंतीच्या एका बाजूला 'चि. सौ. कां.' दिसे आणि दुसऱ्या बाजूला 'आहेर आणू नये'. पुठ्ठ्यावर समाधान होईना तेव्हा मास्तरांनी नेपियर टाउनमधून चार चाकं आणून स्वयंपाकघरातल्या कपाटाला लावली. संध्याकाळी सत्यभामाबाईंनी एका बोटाने कपाट सरकवून पाहिलं आणि बऱ्याच वर्षांनी नवऱ्याचं कौतुक केलं. सकाळी कपाट न्हाणीच्या दारात आडवं उभं होतं आणि आत अडकलेल्या सत्यभामाबाई वेगळ्या आवाजात बोलत होत्या.

"अहो! तुमचं हे कपाट आंघोळीले आलं जी!"

मास्तरांनी ते बाजूला केलं आणि वहीत नोंद केली: 'जुन्या घराची फरशी. कपाटाचा दोष नाही.' मुलांना ते नेहमी सांगत की कारण सापडेपर्यंत प्रश्न सोडायचा नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी कारणाचं शेपूट दिसताच वही मिटली. पुढचं सगळं त्या मिटलेल्या वहीमुळे झालं, असं म्हणायला हरकत नाही.

रिछाईला त्यांनी अकराही बायांना समोर बसवून नीट धडा घेतला. फरशीवर पिवळी रेघ आखली, ती उन्हाळ्याची. निळी आखली, ती हिवाळ्याची. भिंत तीन भागांची, प्रत्येक भाग दहा फुटी, लोखंडी चौकट आणि दोन्ही बाजूंनी पत्रा, खाली चाकं. होळी आली की पिवळ्यावर न्यायची, दसरा आला की निळ्यावर.

"एका भागाला दोन बाया पुरतात," मास्तर म्हणाले. "आणि यंदा दसऱ्यानंतर तुमच्यापैकी कोणीही घरी बसणार नाही. हा माझा शब्द."

बायांमध्ये सगळ्यात जुनी शेवंताबाई. ती पुढे सरकून बसली.

"मास्तर, असा शब्द बाबाराव भाऊबी दरसाल देतेत."

"मी बाबाराव नाही."

"बरं," असं म्हणून शेवंताबाईने पदराच्या टोकाला गाठ मारली. करकचून मारली. "दसऱ्यापावतर ठेवतो बांधून. तुमचा शब्द खरा झाला का सोडतो."

मास्तरांनी आयुष्यात कितीतरी शाळातपासण्या पाहिल्या होत्या, पण त्या गाठीइतकी कशाचीच भीती त्यांना वाटली नव्हती. त्यानंतर ते शेडवर गेले की शेवंताबाईच्या तोंडाकडे न पाहता आधी पदराकडे पाहत. कोणी गैरसमज करून घेऊ नये.

टिकारामने भिंत सुरेख बनवली. बायांनी एवढंच सुचवलं की भिंत आहे तर तिला डबे टांगायला आकडे पाहिजेत. मग घड्याळ पाहिजे. मग आरसा. सगळं मधल्या भागावर लागलं. पहिल्या दिवशी भिंत निळ्या रेघेवर आणून उभी केली, टाळ्या झाल्या, आणि बाया कोपऱ्यातल्या नालीवर हात धुवायला गेल्या. मागे कसलीशी घरघर ऐकू आली. वळून पाहतात तर भिंतीचा मधला भाग अकरा डबे, घड्याळ आणि आरसा घेऊन त्यांच्या मागोमाग येत होता. घाई नाही, गडबड नाही. नालीच्या काठाला चाक अडकलं तेव्हा तो थांबला.

"मास्तर," शेवंताबाई हात पुसत म्हणाली, "तुमची भिंत जेवाले आली."

मास्तरांनी खिशातून गोटी काढली. निवृत्त शिक्षकाच्या खिशात काय काय असतं हे विचारू नये. गोटी फरशीवर ठेवली. ती क्षणभर विचारात पडली आणि मग भिंतीच्याच वाटेने नालीकडे गेली. दुसऱ्यांदा ठेवली, दुसऱ्यांदा गेली. कूलर तयार झाला की त्यात पाणी भरून बघावं लागतं, तो गळतो, ते पाणी वाहून जायला हवं, म्हणून फरशी बांधतानाच नालीकडे उतार दिलेला होता. मास्तरांनी शेडची लांबी, रुंदी, उंची, खिडक्या, वाऱ्याची दिशा, सगळं मोजलं होतं. उतार मोजला नव्हता.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव," अकरा बाया म्हणाल्या.

"मग सांगितलं काहून नाही?" मास्तरही घाबरले की वऱ्हाडीवर येत.

"तुमी इचारलं कुठी?" शेवंताबाई म्हणाली. "तुमी त शिकवूनच राहिले होते."

चौतीस वर्षांत मास्तरांना इतक्या थोडक्या शब्दांत कोणी शिकवलं नव्हतं. त्या रात्री ते पोळी कमी जेवले.

उपाय टिकारामने काढला. प्रत्येक भागाखाली, चाकाच्या उताराकडच्या बाजूला, फरशीत दोन बोटं रुंद लोखंडी नळी बसवली आणि तिच्यात वरून एक जाड खुंटी. खुंटी घातली की चाक तिला टेकतं आणि भिंत जागची हलत नाही. काढली की दोन बाया हव्या तिकडे नेतात. टिकारामने त्या खुंट्या घासून अशा गुळगुळीत केल्या की त्यांत तोंड दिसावं. भिंतीचा प्रश्न सुटला. आता फक्त सरकारी परवानगी राहिली होती, आणि मास्तर खुशीत होते, कारण परवानगी म्हणजे नुसता कागद, त्याला कुठला आला उतार.

सरकारी दफ्तरातल्या इमारत शाखेत एक बडे बाबू होते. त्यांनी नकाशा उलगडला.

"दीवार कहाँ है?"

"हिवाळ्यात निळ्या रेघेवर, उन्हाळ्यात पिवळ्या," मास्तरांनी हिंदीत समजावलं.

"और बरसात में?"

"बरसात में रास्ते में," असं मास्तरांच्या तोंडून गेलं आणि त्यांना स्वतःलाच ते बरोबर वाटलं.

"मास्साब, एक फाइल में एक नक्शा. एक नक्शे में एक दीवार. उसका स्थायी पता लिखिए."

मास्तरांनी भिंतीचा कायमचा पत्ता लिहून दिला. आठ दिवसांनी फाइल परत आली. शेरा होता: 'चाकं असलेली वस्तू भिंत होऊ शकत नाही. यंत्र शाखेकडे जावे.' यंत्र शाखा त्याच व्हरांड्यात, चार दारं पलीकडे होती. तिथल्या बाबूंनी यंत्राचा फॉर्म दिला. यंत्राचं नाव: भिंत. बनावट: टिकाराम. शक्ती, अश्वशक्तीत लिहावी. इथे मास्तर अडले. खोटं लिहायचं नाही हे तर ठरलेलं. म्हणून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'दोन बाया.'

"ये दो बाई क्या है?"

"शक्ती."

बाबूंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. आठ दिवसांनी फाइल परत आली. शेरा: 'मोटर नसलेली वस्तू यंत्र होऊ शकत नाही. इमारत शाखेकडे जावे.'

मग फाइल त्या चार दारांमधून ये-जा करू लागली. मास्तर बाकावर बसून तिची वाट पाहत. एवढा प्रवास त्यांच्या भिंतीने अजून केला नव्हता. कंटाळा जावा म्हणून ते चपराशाच्या मुलीला त्रिकोणमिती शिकवत, आणि ती पोरगी तेवढ्यात सावलीच्या लांबीवरून झाडाची उंची काढायला शिकली. शेडवर गेले की पदराकडे नजर जाई. गाठ जागेवर असे. श्रावण सरला, पितृपक्ष सरला, घट बसले.

"परवानगी आली नाही त मी दसऱ्याले त्याईले काय सांगू, भाऊजी?" बाबाराव म्हणाला. "मागच्या साली सांगितलं तसंच सांगतो. घरी बसा."

"माझा शब्द आहे," मास्तर म्हणाले.

"त्याच्यापायीच म्हणतो, तुमीच सांगा."

शेवटी एकदाचं ठरलं. दोन्ही शाखांचे साहेब मिळून येतील आणि प्रत्यक्ष पाहतील. इमारतवाल्या साहेबांनी भिंत पक्की आहे असं लिहून दिलं पाहिजे, यंत्रवाल्या साहेबांनी ती यंत्र आहे असं लिहून दिलं पाहिजे. दोन सह्या झाल्या तरच परवानगी. आणि दिवस नवमीचा, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि त्यानंतर एक साहेब दिवाळीपर्यंत गावाला.

आदल्या दिवशी टिकाराम रजेवर निघाला. तो दरवर्षी दसऱ्याला बायकापोरांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात असे.

"एक दिवस थांबला असतास तर," मास्तर चाचरत म्हणाले.

टिकारामने पिशवी खाली ठेवली. "मास्तर, माहा बाप पायी गेला होता पहिल्या खेपेले. तुमच्या भिंतीपायी मी गाडी सोडू?"

मास्तर शरमले. "नाही, नाही. तू जा बाबा. माझं चुकलं."

"खुंट्या ठोकून बसवल्या आहेत. त्या कोणी काढल्या नाही त भिंत हालत नाही. आन काढाले कोन येते?" असं म्हणून टिकाराम गेला.

मास्तरांनी जाताना बायांना एकच सूचना दिली. "उद्या साहेब येणार. सगळं चकचकीत पाहिजे. एकही अवजार घाणेरडं दिसता कामा नये." मदतीला म्हणून सत्यभामाबाईंनाही पाठवून दिलं.

नवमीच्या सकाळी मास्तर धुवट सदरा घालून शेडवर पोचले आणि दारातच थांबले. शेड चकचकीत होतंच. आत उदबत्तीचा वास होता. भिंतीला झेंडूचे हार होते. पत्र्यावर हळदी-कुंकवाची पाच-पाच बोटं उमटली होती. आरशालाही कुंकू होतं. समोर मोठ्या पाटावर हातोड्या, पकडी, पत्रे कापायच्या कात्र्या, सुया, सगळं चिंचेने घासून, धुऊन मांडलेलं. शेजारी सत्यभामाबाई नवं लुगडं नेसून कापूर शोधत होत्या.

"खंडेनवमी नाही का आज?" त्या म्हणाल्या. "तुमीच म्हटलं न, अवजारं घाण नको म्हणून."

"भिंतीला पण?"

"मास्तर, आमीच ढकलतो न तिले," शेवंताबाई म्हणाली. "हात लावून काम करतो ते अवजार. तिले सोडून कशी पूजा कराची?"

हे मास्तरांना पटलं. मनात थोडं सुखावलेही. मग त्यांची नजर पाटाच्या मधोमध गेली. तिथे तीन गुळगुळीत खुंट्या ओळीने निजल्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, हळद लावलेल्या.

मास्तर पाटाशी वाकले. "ह्या खुंट्या काढल्या?"

"मंग? तिथीच्या तिथी कशा धुणार?"

"मग भिंत कशावर उभी आहे?"

शेवंताबाईने बोट दाखवलं. भिंतीच्या प्रत्येक भागापुढे एक नारळ होता. खुंटी काढल्यावर नळीचं भोक मोकळं दिसत होतं, आणि नारळ तर उतारावर कुठेच ठरेना, म्हणून तिने प्रत्येक भोकात एकेक नारळ शेंडी खाली करून घट्ट बसवला होता. चाकं त्या नारळांना टेकून गपचूप उभी होती. तीन नारळांवर तीस फूट भिंत.

"खुंट्या परत घाला. आत्ताच्या आत्ता."

"अहो!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मांडलेलं हालवाचं नाही उद्यापर्यंत."

"मास्तर, आज त्याईचा आराम हाये," शेवंताबाईने समजावलं. "सालभर राबतेत. एक दिवस त बसू द्या."

मास्तर आणखी काही बोलणार तोच बाहेर जीप थांबली.

पहिले साहेब इमारत शाखेचे. जाडजूड आणि संशयी. दुसरे यंत्र शाखेचे. बारीक, हातात टाचणवही. बाबाराव हात जोडून मागे मागे. इमारतसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, बूट काढले आणि आधी नमस्कार केला. मग म्हणाले, "सुना है ये चलती है. चलने वाली दीवार को मैं पक्की कैसे लिखूँ?"

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी मधल्या भागाला दोन्ही हात लावून नालीच्या दिशेने जोर दिला. मास्तरांनी डोळे मिटले. नारळ जबलपूरच्या बाजारातला होता, पण खानदानी निघाला. साहेबांनी पुन्हा जोर लावला. मग खांदा लावला. त्यांच्या कपाळावर घाम आला, शर्टाला कुंकू लागलं, भिंत केसभर हलली नाही.

"अरे, ये तो पहाड़ है!" साहेब खूश होऊन म्हणाले. पेन काढलं आणि भिंतीवरच फाइल टेकवून लिहिलं की दीवार स्थायी आहे, स्वतः तपासली. खाली ठसठशीत सही.

बाबारावने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दुसऱ्या साहेबांकडे पाहत होते, कारण आता पाळी त्यांची होती.

"अच्छा," बारीक साहेब म्हणाले, "अब चलाके दिखाइए. शक्ति में आपने दो बाई लिखा है. कौन सी दो?"

अकरा बायांनी हात मागे घेतले.

"आज नहीं, साहब," शेवंताबाई म्हणाली. "आज पूजा में बैठी है. कल."

"कल छुट्टी है."

"त परसों आना जी."

"परसों मैं गाँव में." साहेबांनी वही मिटायला घेतली. "देखिए मास्साब, जिसमें मोटर नहीं, जो चलके दिखाती नहीं, उसको मशीन मैं कैसे लिख दूँ?"

मास्तर शेवंताबाईकडे वळले. पदराच्या टोकाला ती गाठ होती. तिनेही त्यांच्या नजरेमागोमाग खाली पाहिलं. दोघांनाही कळलं होतं की उद्या काय सांगावं लागणार आहे. तिने एकदा पाटावर मांडलेल्या सुयांकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि नकारार्थी मान हलवली. पाच महिन्यांच्या हक्काच्या कामासाठीसुद्धा तिने मांडलेली पूजा मोडायची नाही असं ठरवलं होतं, आणि त्यापुढे मास्तरांना तिला काही शिकवायचं धाडस झालं नाही.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "माझा शब्द मीच परत घेतो. तुमची पूजा मोडू नका."

"चलो, कम से कम प्रसाद तो लेके जाएँ," इमारतसाहेब म्हणाले. त्यांचं काम झालं होतं आणि मन भक्तीने भरलं होतं. "नारियल फोड़ दिया जाए?"

"हो, आता फोडायला हरकत नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. नारळ फोडणं म्हणजे पूजा मोडणं नव्हे, ती पूर्ण करणं. "साहेबांच्याच हातून होऊ द्या."

मास्तर "नको" म्हणाले. निदान त्यांना वाटलं की ते म्हणाले. बाहेर आवाज आला नाही.

साहेब वाकले आणि मधल्या भागापुढचा नारळ दोन्ही हातांनी वर उचलला.

काही क्षण काहीच झालं नाही. मग हारातली झेंडूची फुलं किंचित हलली. चाकाने कुरकुर केली. आणि दहा फूट भिंत, कुंकू ल्यालेली, गळ्यात हार, अंगावर घड्याळ आणि आरसा, अकरा डब्यांच्या रांगेसकट, कोणीही हात न लावता निघाली. साहेब बाजूला सरकले आणि ती त्यांच्या पुढून गेली. आरशात साहेबांना आपलं तोंड आणि हातातला नारळ दिसला. बाया आदराने बाजूला झाल्या, दोघीतिघींनी हात जोडले. भिंत पाटाच्या कडेने नालीपाशी गेली, चाक काठाला अडकलं, आणि नेहमीसारखी थांबली.



"ओहो!" बारीक साहेब हर्षाने ओरडले. वही उघडली गेली होती. "बिना मोटर! बिना बाई! मास्साब, आपने तो कम लिखा था. ये तो अपने आप चलती है!" त्यांनी फॉर्मवरचं 'दोन बाया' खोडलं, तिथे 'स्वचालित' लिहिलं, आणि सही ठोकली.

इमारतसाहेब नारळ हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांनी आपल्या फाइलकडे पाहिलं. सही खोडायची तर कारण लिहावं लागणार. काय लिहिणार? स्वतः ढकलली तेव्हा हलली नाही, आणि नारळ उचलल्यावर आपली आपण गेली? असं लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला वरचे लोक काय विचारतील याचा त्यांनी नीट विचार केला. मग नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला आणि जीपकडे चालू लागले. दारात थांबून मागे न पाहता म्हणाले, "मास्साब, उसको वापस बिठा देना."

"जी, कल," शेवंताबाई म्हणाली.

जीप गेली. मास्तर एका कूलरच्या पेटीवर बसले. शेवंताबाई समोर येऊन उभी राहिली आणि पदराचं टोक त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या. तुमीच सोडा."

गाठ दोन-अडीच महिने आवळलेली होती. मास्तरांनी नखाने, मग दाताने प्रयत्न केला. जमेना. शेवटी अकरा बायांनी मिळून सल्ले दिले आणि सत्यभामाबाईंनी केसातला आकडा काढून ती सोडवली.

टिकाराम नागपूरहून परत आला तेव्हा खुंट्या जागच्या जागी होत्या, पण नवमीला काय झालं ते कोणालाही त्याला डोळे वर करून सांगता येईना. कापसाची गाठोडी आली, निळ्या रेघेपलीकडे सुया चालू लागल्या. दुबेजींना एवढंच वाईट वाटलं की पहिली धाव बिना सिग्नलची झाली.

दिवाळीनंतर दफ्तराकडून परवानगीचा कागद आला. दोन्ही साहेबांचे शेरे एकाखाली एक, सुंदर टाइप केलेले. मास्तरांनी तो काचेच्या चौकटीत घातला आणि भिंतीवरच्या घड्याळाशेजारी टांगला. दसऱ्याला तो निळ्या रेघेवर असतो, होळीला पिवळ्या. त्यावर लिहिलं आहे: 'दीवार स्थायी है. गति संतोषजनक.'